विश्लेषण : थ्रीडी प्रिंट केलेला जबडा, चुंबक आणि चार इंचांचा त्रिकोण... कोण होते डॉ. बॉनविल?

दाढेवर नवी कॅप बसते, भूल उतरते आणि पहिल्याच घासाला जाणवते की ती उंच लागते आहे. औशाहून वीसेक किलोमीटरवरच्या लातूरला जाऊन कॅप बसवून आलेल्या माणसाचा मग आणखी एक दिवस जातो, एसटीचे आणखी एक तिकीट निघते. दोष दरवेळी कॅपचाच असतो असे नाही. ती ज्या यंत्रावर तपासली गेली, तिथेही घोळ असू शकतो. आर्टिक्युलेटर नावाच्या या यंत्रावर रुग्णाच्या वरच्या-खालच्या जबड्याची मॉडेल बसवून चावा पाहतात. आता ही मॉडेल थ्रीडी प्रिंटरवर निघतात आणि चुंबकाने चिकटतात. या यंत्राला भूमिती देणारे अमेरिकी दंतवैद्य विल्यम गिब्सन आर्लिंग्टन बॉनविल (1833-1899) यांनी चुंबकालाही कामाला लावले होते, मात्र अगदी वेगळ्या कारणासाठी.

बिजागरी ते त्रिकोण...

बॉनविल यांचा जन्म अमेरिकेतील डेलावेअर राज्यातला. त्याच राज्यातील डोव्हर येथे त्यांनी दवाखाना थाटला. त्या काळी कवळी बनवणारे कारागीर दाराच्या बिजागरीसारखे साधे यंत्र वापरत. ते उघडायचे आणि मिटायचे, बस्स. पण माणूस चावताना जबडा नुसता वर-खाली करत नाही, पुढे आणि बाजूलाही सरकवतो. बिजागरीवर नीट जुळलेली कवळी तोंडात गेली की भाकरीच्या तुकड्यावर डगमगायची ती यामुळेच.

बॉनविल यांनी जबडे मोजायला घेतले. जिवंत आणि मृत मिळून हजारो जबडे मोजल्याचा त्यांचा दावा होता. त्यातून त्यांनी निष्कर्ष काढला, की कानापुढचे दोन सांधे आणि खालच्या पुढच्या दातांमधला मध्यबिंदू जोडला तर प्रत्येक बाजू चार इंचांची, म्हणजे सुमारे 10 सेंटिमीटरची भरते. हाच बॉनविल त्रिकोण. 1858 च्या सुमारास, जेमतेम पंचविशीत, त्यांनी त्यावर आधारलेला आर्टिक्युलेटर बनवला. आजही बीडीएसच्या विद्यार्थ्याला कृत्रिम दातांच्या विषयात हे नाव टाळता येत नाही.

टेलिग्राफची टकटक...

त्या काळी किडलेल्या दातात सोन्याचा वर्ख ठोकून भरत. एकेका दाताला शेकडो ठोके लागत. डॉक्टर अणकुचीदार अवजार धरून बसे आणि मदतनीस त्यावर हातोडी मारी. रुग्णाची काय अवस्था होत असेल, याची कल्पनाच केलेली बरी. टेलिग्राफचे यंत्र टकटकताना पाहून बॉनविल यांना उपाय सुचला, असे दंतवैद्यकाचा इतिहास सांगतो. बॅटरीच्या प्रवाहाने विद्युतचुंबक लोखंडी तुकडा ओढतो, प्रवाह तुटला की स्प्रिंग तो परत नेते. हेच भराभर घडवून त्यांनी विद्युतचुंबकीय हातोडी तयार केली. फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटने तिचा पदक देऊन गौरव केला. ते त्याच शहरात स्थायिक झाले.

त्यांच्या सगळ्याच कल्पना टिकल्या नाहीत. रुग्णाला भराभर श्वास घ्यायला लावून वेदना बोथट करण्याची त्यांची पद्धत काही काळ गाजली आणि मागे पडली.

चार इंच सगळ्यांना कसे लागू?

इथेच बॉनविल यांची मर्यादा दिसते. चार इंच ही सरासरी आहे, प्रत्येकाच्या जबड्याचे माप नव्हे. शिवाय त्यांच्या यंत्रात सांधा सरळ आडवा सरकायचा, प्रत्यक्षात तो उतारावरून खाली येतो. 1899 मध्ये बॉनविल वारले. त्याच सुमारास जॉर्ज स्नो यांचा फेसबो आला आणि रुग्णाच्या सांध्यापासून जबड्याचे अंतर थेट घेऊन यंत्रावर नेणे शक्य झाले.

आजच्या लॅबमध्ये चुंबक काय करतो?

चुंबक मॉडेल धरून ठेवतो, जागेवर आणत नाही. जागा ठरते ती प्लेटवरच्या खाचा आणि उंचवट्यांनी. त्यामुळे मॉडेल हलत असेल तर आणखी ताकदीचा चुंबक लावणे हा उपाय नाही, उलट तो वाकडे बसलेले मॉडेल वाकडेच घट्ट धरून ठेवतो. आधी चुंबक काढून मॉडेल प्लेटवर ठेवायचे आणि बोटाने चारही कोपरे दाबून पाहायचे. एखादा कोपरा उचलला गेला, तर बैठकीतच दोष आहे. धुताना खाचेत राहिलेले रेझिन तिथेच कडक झालेले असते, प्रिंट केलेला तळ आकसून वाकलेला असतो किंवा चिकटवलेली लोखंडी चकती तळाच्या वर आलेली असते. चकती किंचित खोलगटच राहायला हवी.

बैठक पक्की असूनही मॉडेल सुटत असेल, तेव्हा मात्र चुंबकाकडे पाहायचे. बॉनविल यांच्या हातोडीतही चुंबक आणि लोखंड यांतले अंतर वाढले की ओढ झपाट्याने कमी व्हायची. इथे तेच काम गोंदाचा जाड थर किंवा लोखंडाचा कीस करतो. साध्या प्रतीचा निओडिमियम चुंबक 80 अंश सेल्सिअसच्या पुढे कायमचा दुबळा होऊ शकतो, म्हणून तो रेझिन पूर्ण कडक करून झाल्यावरच बसवतात.

दवाखान्याचे आणि लॅबचे यंत्र वेगळे असेल तर आणखी एक पायरी आहे. दोन्हीकडच्या प्लेट एकाच कॅलिब्रेशन ठोकळ्यावर जुळवाव्या लागतात. नाहीतर एकीकडे अचूक बसलेले मॉडेल दुसरीकडे तिरके उभे राहते. शेवटी तंत्रज्ञ 8 मायक्रॉन जाडीची धातूची पट्टी दातांमध्ये धरून ओढतात. रुग्णाच्या तोंडात ज्या दातांत ती अडकते, त्याच दातांत मॉडेलवरही अडकली, तर कॅपचे काम पुढे जाते.