चौथे शिवाजी महाराज आणि ‘वेडा’ हा शिक्का

छत्रपती शाहू महाराजांबद्दल तुम्हाला वेगळे सांगायला नको. पण ते ज्यांच्या गादीवर दत्तक आले, त्या चौथ्या शिवाजी महाराजांबद्दल तुम्ही फारसे वाचले नसेल.

त्यांचा जन्म १८६३ चा. १८७० मध्ये राजाराम महाराज इटलीत फ्लॉरेन्सला वारले आणि पुढच्या वर्षी हा लहान मुलगा कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आला. विशीच्या आतच इंग्रज सरकारने त्यांना वेडे ठरवले. महाराजांचा छळ होतो, असा आरोप ‘केसरी’ व ‘मराठा’ने दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर केला. त्यासाठी वापरलेली पत्रे कोर्टात बनावट ठरली आणि १८८२ मध्ये टिळक-आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. महाराजांना अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवले गेले. तिथे २५ डिसेंबर १८८३ रोजी पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायाशी झटापट होऊन त्यांचा मृत्यू झाला. वय अवघे वीस.

त्यांना कोणता आजार होता, किंवा होता का, हे आज सांगता येणार नाही. रुग्ण न तपासता निदान होत नाही. पण वागणे बदललेल्या माणसावर शिक्का मारून त्याला बंद करणे आपल्या घरांतही घडते.

म्हणून आधी विचारा : हे कधीपासून?

• काही तास-दिवसांत माणूस असंबद्ध बोलू लागला, किंवा अगदी गप्प-गुंगीत गेला, लक्ष टिकेना, सकाळी बरा आणि रात्री जास्त, तर तो डिलिरियम असू शकतो. जुनी माणसे याला ‘वातात बडबडणे’ म्हणतात. ताप, जंतुसंसर्ग, साखर किंवा सोडियम कमी होणे, लघवी तुंबणे, नवे औषध, अचानक दारू सोडणे ही त्याची कारणे. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.
• महिन्या-वर्षांत विसरभोळेपणा वाढत गेला, पैशांचे हिशेब, ओळखीचे रस्ते चुकू लागले, तर स्मृतिभ्रंशाची तपासणी करून घ्या. त्याला ‘म्हातारचळ’ म्हणून सोडून देऊ नका.
• तरुण माणसात अचानक बदल झाला, तर मानसिक आजार ठरवण्याआधी मेंदूचा संसर्ग, फिट्स, थायरॉइड, नशा तपासावी लागते.

डॉक्टरांकडे जाताना सगळ्या गोळ्या बरोबर न्या. माणूस पूर्वी कसा होता, हे सांगणारी घरातली व्यक्ती सोबत असू द्या. त्याला बांधू नका, वाद घालू नका. चष्मा, श्रवणयंत्र लावा, खोलीत उजेड ठेवा आणि ओळखीचे कुणीतरी जवळ बसा.