मेंदूचं सर्किट मांडणारा वॉल्टर

आज मेंदूचं सर्किट लॅपटॉपवर बांधता येतं. ‘न्यूरॉन’, ‘नेस्ट’ ही सॉफ्टवेअर्स फुकट मिळतात. पायथॉनमध्ये पेशींचं वर्णन लिहायचं, त्या एकमेकींना जोडायच्या, सिम्युलेशन रन करायचं आणि आलेला आलेख खऱ्या पेशींच्या नोंदींशी ताडून बघायचा. नाही जुळला? मॉडेल बदला, परत रन करा. पण यातलं काहीच नसताना, नुसत्या कागदावर असं सर्किट मांडलं ते साधारण तुमच्याच वयाच्या एका मुलाने.

वॉल्टर पिट्सचा जन्म १९२३चा, अमेरिकेतल्या डेट्रॉइटचा. पंधराव्या वर्षी घर सोडून त्याने शिकागो गाठलं. विद्यापीठात नाव न नोंदवताच तो लेक्चरला बसायचा. राहायचा धड ठिकाणा नव्हता. चाळिशी ओलांडलेले मेंदूशास्त्रज्ञ वॉरन मॅक्‌कलक यांनी त्याला आपल्या घरीच ठेवून घेतलं. घरचे झोपले की दोघं कामाला बसायचे.

१९४३ मध्ये त्यांचा पेपर आला. कल्पना साधी होती. पुरेसे संदेश आले तर पेशी पेटते, नाहीतर गप्प राहते. म्हणजे तुम्ही शिकता ते ‘अँड’, ‘ऑर’, ‘नॉट’ गेट अशा पेशी जोडून बनवता येतात! जॉन फॉन नॉयमन यांनी संगणकाच्या रचनेवरच्या १९४५च्या अहवालात याच पेपरचा दाखला दिला.

त्याच वर्षी, १९४३ मध्ये पिट्स एमआयटीत नॉर्बर्ट वीनर यांच्याकडे गेला. वीनर त्याला वडिलांसारखे. पण १९५२ मध्ये त्यांनी अचानक संबंध तोडले. पिट्स खचला, दारूत बुडाला. मेंदूतल्या जाळ्यांवरचा स्वतःचा प्रबंध त्याने जाळून टाकला.

१९५९ मध्ये बेडकाच्या डोळ्यावरचा गाजलेला पेपर आला. लेखकांत पिट्सही होता. डोळा चित्र जसंच्या तसं मेंदूकडे पाठवत नाही, काय पाठवायचं ते बरंचसं तोच निवडतो, असं त्यात दिसलं. सगळा हिशोब मेंदूतलं लॉजिकच करतं, हे चित्र अपुरं पडलं. ते त्याला फार लागलं, असं त्याचे मित्र सांगत. १९६९ मध्ये, ४६व्या वर्षी तो गेला.

गंमत बघा, आजच्या एआयमधल्या न्यूरल नेटवर्कचा इतिहास त्याच ‘अपुऱ्या’ मॉडेलपासून सुरू होतो. आणि मेंदूचं मॉडेल बनवणारे आज पहिला रन फसणार हे धरूनच चालतात. म्हणून जुनी आवृत्ती जपून ठेवतात, एकेक आकडा बदलत पुढे जातात. तुमचा प्रोजेक्ट फसला तर फाइल डिलीट करू नका. वॉल्टरने जाळलेल्या पानांत काय होतं, हे आता कुणालाच वाचता येणार नाही.