शून्याने भागले तर? भास्कराचार्यांची गोष्ट

बालमित्रांनो, कॅल्क्युलेटरवर एकाला शून्याने भागलेत की पडद्यावर ‘एरर’ येते आणि गंमत संपते. आम्ही कॉम्प्युटरवर पोट भरणारे तर या भागाकाराला दचकूनच असतो. चालता प्रोग्रॅम त्याने कोसळतो. पण साडेआठशे वर्षांपूर्वी भास्कराचार्यांनी याच भागाकाराला एक नाव दिले आणि त्याचे नियमही लिहिले.

त्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ चा. आपले गाव सह्याद्रीजवळचे विज्जलविड, असे त्यांनीच नोंदवले आहे. ते नेमके कोणते यावर विद्वान अजून भांडतात. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. छत्तिसाव्या वर्षी, ११५० साली, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ रचला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे त्याचे चार भाग.

लीलावती ही त्यांची मुलगी, घटिकापात्रात मोती अडकला आणि तिच्या लग्नाचा मुहूर्त टळला, ही कथा तुम्ही आजीकडून ऐकली असेल. ती फैजीच्या १५८७ च्या फारसी भाषांतरात आहे, भास्कराचार्यांच्या ग्रंथात नाही. आम्हाला त्यांची खरी गोष्टच जास्त आवडते.

ब्रह्मगुप्ताने ६२८ साली शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य, असे सांगितले होते. भास्कराचार्यांनी छेदात शून्य असलेल्या राशीला ‘खहर’ म्हटले. ख म्हणजे शून्य, हर म्हणजे छेद. खहरात काही मिळवा, काही वजा करा, तो बदलत नाही. प्रलयात सारे जीव सामावून घेऊनही विष्णू जसाच्या तसा राहतो, तशी त्यांनी उपमा दिली.

लीलावतीतले एक कोडे पाहा. एका संख्येला शून्याने गुणा, त्यात त्याचे निम्मे मिळवा, तिप्पट करा, शून्याने भागा, उत्तर ६३. संख्या कोणती? ते म्हणतात १४. युक्ती अशी की, पुढे गणित शिल्लक असेल तर शून्याचा गुणाकार लगेच उरकायचा नाही, तो नुसता खुणेसारखा बाळगायचा. म्हणजे दीडपट, तिची तिप्पट, एकूण साडेचारपट. ६३ ला साडेचारने भागले की १४.

शाळेत असे लिहिलेत तर बाई गुण देणार नाहीत, आणि ते योग्यच आहे. २ आणि ३ दोघांनाही शून्याने गुणले तर शून्यच येते. मग परत भागल्यावर कोण मिळणार? पण शून्याऐवजी अगदी चिमुकली संख्या घेतली, तर कोडे बिनचूक सुटते. पुढे कलनशास्त्र याच वाटेने गेले. सूत्र जिथे मोडते त्या जागेला आज ‘सिंग्युलॅरिटी’ म्हणतात, आणि ती समजून घ्यायला गणिती तिच्याभोवती नवनवी बीजगणिते उभारतात.

आचार्यांनी शेवटचा ‘करणकुतूहल’ हा ग्रंथ ११८३ साली, एकोणसत्तराव्या वर्षी लिहिला. नातू चांगदेव यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्याने चाळीसगावजवळ पाटणला मठ काढला. तिथला १२०७ सालचा शिलालेख डॉ. भाऊ दाजींनी उजेडात आणला. डिसेंबरच्या सुट्टीत भारतात जाणाऱ्यांनी पाटणादेवीला जरूर जावे. लेख बहुतेक संस्कृतात आहे, पण शेवटचा भाग चक्क जुन्या मराठीत. पाटणच्या बाजारातल्या कराचे उत्पन्न मठाला दिले आहे, आणि गावात जितके घाणे चालतील त्या प्रत्येकाकडून एकेक पळी तेल.