विश्लेषण : दह्याला ‘प्रतिकारशक्ती’ची कीर्ती कोणी मिळवून दिली?

सर्दी झालेल्या मुलाला दही द्यावे की नाही, यावर बहुतेक घरांत दोन पक्ष असतात. आजीचे म्हणणे, दही थंड, कफ वाढेल. आईच्या मोबाइलवर मात्र त्याच वेळी प्रोबायोटिक पेयाची जाहिरात झळकत असते आणि त्यात रोज एक बाटली प्या, प्रतिकारशक्ती वाढवा, असा सल्ला असतो. करोनाच्या साथीनंतर अशा जाहिरातींना ऊतच आला. आंबवलेले दूध आणि प्रतिकारशक्ती यांची ही जोडी मात्र कंपन्यांनी शोधलेली नाही. ती जमवली नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या एका शास्त्रज्ञाने, सव्वाशे वर्षांपूर्वी. त्यांचे नाव एली मेचनिकोव्ह. प्रतिकारशक्ती म्हणजे काय, हे जगाला समजावण्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे. दह्याबद्दल मात्र ते पुराव्याच्या पुढे गेले. त्यांचे आयुष्य समजून घेतले, तर आज ताटात काय वाढायचे आणि कशावर पैसे घालवायचे नाहीत, हेही बरेचसे उलगडते.

मेचनिकोव्ह कोण होते?

जन्म १८४५ चा, आज युक्रेनमध्ये असलेल्या आणि तेव्हा रशियन साम्राज्यात असलेल्या खारकीव्हजवळच्या एका गावातला. वडील झारच्या सैन्यात अधिकारी. मुलगा हुशार आणि उतावळा. विद्यापीठाचा चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी दोन वर्षांत संपवला आणि समुद्री जीवांच्या अभ्यासासाठी जर्मनी, इटली गाठले. पंचविशीतच ते ओडेसा विद्यापीठात प्राध्यापक झाले. एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे : ते डॉक्टर नव्हते, प्राणिशास्त्रज्ञ होते. पुढे यावरून त्यांना बरेच टोमणे सोसावे लागले.

घरात मात्र आजारपण ठाण मांडून होते. पहिली पत्नी ल्युदमिला हिला क्षयरोग होता. लग्नाच्या दिवशी तिच्यात चालण्याइतकीही ताकद नव्हती, तिला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावे लागले. चांगली हवा मिळावी म्हणून तिला गावोगावी फिरवले, पण १८७३ मध्ये मदैरा बेटावर ती गेली. मेचनिकोव्ह यांनी अफूजन्य औषधाचा मोठा डोस घेऊन जीव देण्याचा प्रयत्न केला, पण उलटी झाली आणि ते वाचले. पुढे दुसरी पत्नी ओल्गा विषमज्वराने मरणाच्या दारात पोहोचली, तेव्हा त्यांनी स्वतःला रोग्याचे रक्त टोचून घेतले. त्यातूनही दोघे वाचले. त्यांचा भाऊ इवान १८८१ मध्ये वारला. टॉलस्टॉय यांच्या प्रसिद्ध दीर्घकथेतला इवान इलिच याच भावावरून सुचला, असे मानले जाते. रोग आणि अकाली मरण या माणसाच्या घरातच राहत होते. म्हातारपणाचा आणि दीर्घायुष्याचा त्यांना लागलेला ध्यास यातून समजतो.

मेसिनात नेमके काय घडले?

झारच्या हत्येनंतर विद्यापीठात राजकारण इतके माजले की १८८२ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि कुटुंबासह सिसिलीतल्या मेसिनाला मुक्काम हलवला. घराच्या दिवाणखान्यातच प्रयोगशाळा थाटली. एके दिवशी घरची मंडळी सर्कशीतली शिकवलेली माकडे पाहायला गेली. मेचनिकोव्ह सूक्ष्मदर्शकासमोर एकटेच बसले होते. तारामाशाची अळी काचेसारखी पारदर्शक असते, त्यामुळे आत फिरणाऱ्या पेशी जिवंतपणी दिसतात. या भटक्या पेशी शरीरात घुसलेल्या शत्रूवर चालून जात असतील का, असा प्रश्न त्यांना पडला. त्यांनी बागेतल्या गुलाबाचे काटे आणून अळीच्या अंगात खुपसले.

रात्रभर झोप नाही. सकाळी पाहिले तर काट्याभोवती पेशींचा गराडा पडला होता.

आपल्या बोटात काटा मोडला की तिथे पू होतो. तो पू म्हणजे घाण नव्हे, तर लढाईत उतरलेल्या आणि बऱ्याचशा मेलेल्या पांढऱ्या पेशी, हा अर्थ या प्रयोगातून पुढे आला. तोवर अनेक रोगतज्ज्ञांची समजूत उलटी होती. या पेशी जंतूंना शरीरभर वाहून नेतात, असे ते मानत. जंतू गिळणाऱ्या या पेशींना मेचनिकोव्ह यांनी भक्षक पेशी म्हटले. पुढे त्यांनी पाण्यातल्या इवल्याशा डॅफ्निया या जीवात ही लढाई प्रत्यक्ष पाहिली. बुरशीचे टोकदार बीजाणू आत शिरले आणि भक्षक पेशींनी ते गिळले, की जीव वाचे. पेशी कमी पडल्या, की जीव मरे.

नोबेल मिळाले, मग वाद कसला?

रेबीजची लस निघाल्यावर १८८६ मध्ये ओडेसाला जिवाणू केंद्र सुरू झाले आणि मेचनिकोव्ह त्याचे प्रमुख झाले. तो काळ त्यांना मानवला नाही. वैद्यकीय पदवी नाही म्हणून स्थानिक डॉक्टरांचा विरोध होता. त्यात ते बाहेरगावी असताना केंद्राची काळपुळीची लस टोचलेली हजारो मेंढरे मेली. १८८८ मध्ये त्यांनी पॅरिस गाठले. लुई पाश्चर यांनी त्यांना आपल्या नव्या संस्थेत प्रयोगशाळा दिली आणि अखेरपर्यंत ते तिथेच राहिले.

जर्मन शास्त्रज्ञांचे म्हणणे वेगळे होते. जंतूंना मारतो तो रक्तातला द्रव, त्यातले रासायनिक घटक, ज्यांना आज आपण प्रतिपिंडे म्हणतो. पेशी फक्त नंतरची साफसफाई करतात. हा वाद पंधरा-वीस वर्षे चालला. नोबेल समितीने १९०८ मध्ये पारितोषिक दोन्ही बाजूंना विभागून दिले, मेचनिकोव्ह आणि पॉल एर्लिक यांना. दोघेही बरोबर होते. भक्षक पेशी ही पहिली फळी, तर प्रतिपिंडे ही ओळख पटवून नेमका मारा करणारी दुसरी. म्हणजे प्रतिकारशक्ती ही एखाद्या बाटलीतून भरता येईल अशी एकच गोष्ट नाही. ती वेगवेगळी कामे करणाऱ्या पेशी आणि प्रथिनांची यंत्रणा आहे. ती नुसती वाढवत नेणेही शहाणपणाचे नाही. ती अकारण भडकली, की दमा, ॲलर्जी किंवा संधिवातासारखे आजार होतात.

मुंबईशी त्यांचे नाते काय?

ओडेसात मेचनिकोव्ह यांच्या हाताखाली शिकलेला एक विद्यार्थी त्यांच्या मागोमाग पॅरिसला आला. जागा नव्हती म्हणून त्याने पाश्चर संस्थेत साहाय्यक ग्रंथपालाची नोकरी धरली. त्याचे नाव वाल्डेमार हाफकिन. १८९२ मध्ये त्याने पटकीची लस स्वतःला टोचून घेतली आणि पुढच्या वर्षी तो भारतात आला. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला, तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये काही महिन्यांत त्याने प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी तीही आधी स्वतःवर घेतली. परळची हाफकिन संस्था आज त्याच्याच नावाने ओळखली जाते.

मग दही कुठून आले?

वय वाढत गेले तसे मेचनिकोव्ह म्हातारपणाकडे वळले. वार्धक्याच्या अभ्यासाला इंग्रजीत आज जेरोंटॉलॉजी म्हणतात, तो शब्द त्यांचाच. त्यांचा तर्क असा : मोठ्या आतड्यात असंख्य जिवाणू असतात, ते अन्न कुजवतात, त्यातून विषारी द्रव्ये निघतात आणि ती रक्तात शिरून माणसाला लवकर म्हातारे करतात. आता मांस उघडे ठेवले तर कुजते, दूध मात्र नुसते आंबते. कारण दुधातली साखर खाऊन जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि त्या आंबटपणात कुजवणारे जंतू वाढत नाहीत. मग असे जिवाणू पोटातच पाठवले तर?

त्याच सुमारास बल्गेरियातले शेतकरी आंबवलेले दूध भरपूर पितात आणि दीर्घायुषी असतात, अशी माहिती त्यांच्यापर्यंत आली होती. १९०५ मध्ये स्तामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन तरुणाला त्या दुधातला जिवाणू सापडला. मेचनिकोव्ह यांनी पॅरिसमधल्या १९०४ च्या व्याख्यानात या दुधाचा उल्लेख केला, तो सावधपणे. वृत्तपत्रांनी मात्र म्हातारपणावर औषध सापडल्याचा गाजावाजा केला. हे वाचताना आजच्या व्हॉट्सॲप फॉरवर्डची आठवण येणे साहजिक आहे. पॅरिसमध्ये आंबट दुधाची फॅशन आली, जिवाणूंच्या गोळ्या आणि भुकट्या विकल्या जाऊ लागल्या आणि जाहिरातींत मेचनिकोव्ह यांचे नाव झळकू लागले. मोठे आतडे हाच रोगाचा अड्डा, या कल्पनेने भारावून लंडनमधल्या एका नामवंत सर्जनने कित्येक रुग्णांचे मोठे आतडेच काढून टाकले. सिद्धांत अर्धवट असताना तो अमलात आणला की काय होते, याचे हे उदाहरण.

मेचनिकोव्ह स्वतः वर्षानुवर्षे रोज आंबवलेले दूध घेत. दारू-तंबाखूला ते शिवत नसत आणि जंतूंच्या धास्तीने कच्चे अन्नही टाळत. हृदयविकाराने १९१६ मध्ये, ७१ व्या वर्षी त्यांचे पॅरिसमध्ये निधन झाले. त्यांच्या अस्थी आजही पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात आहेत. त्यांनी लावलेले बियाणे मात्र वाढत राहिले. १९१९ मध्ये बार्सिलोनात आयझॅक कारासो यांनी दह्याचा व्यवसाय सुरू केला, त्यातून डॅनोन कंपनी उभी राहिली. जपानमध्ये मिनोरू शिरोता यांनी १९३० मध्ये वेगळा जिवाणू शोधला आणि १९३५ मध्ये याकुल्ट बाजारात आले.

ते कुठे चुकले?

बल्गेरियन जिवाणू आतड्यात वस्ती करत नाही, हे त्यांच्या मृत्यूनंतर काही वर्षांतच अमेरिकेतल्या प्रयोगांत दिसले. तो पोटातून जातो आणि निघून जातो. आतड्यातले सगळेच जिवाणू शत्रू, हेही खरे नव्हते. उलट त्यांतले बरेच आपल्या उपयोगाचे असतात आणि आपण पचवू न शकलेल्या तंतूंवर जगतात. पण आतड्यातले जिवाणू आणि प्रतिकारशक्ती यांचा संबंध आहे, हा त्यांचा अंदाज शंभर वर्षांनी खरा ठरला. प्रतिकार पेशींचा फार मोठा हिस्सा आतड्याच्या अस्तराजवळच असतो. म्हणून दह्यावर थांबण्यापेक्षा ज्वारी-बाजरीची भाकरी, सालासकट डाळी, मटकी-मुगाची उसळ, पालेभाज्या, पेरू यांचे तंतू आतड्यातल्या रहिवाशांना रोज मिळणे जास्त महत्त्वाचे.

दही-ताकाचे काय? ते चांगले अन्न आहे. प्रथिने, कॅल्शियम मिळते, आणि ज्यांना दूध पचत नाही अशा अनेकांना ताजे दही पचते, कारण जिवाणू दुधातली साखर पचवायला मदत करतात. कढी उकळली की हे जिवाणू मरतात, पण प्रथिने कुठे जात नाहीत. घरच्या विरजणात कोणते जिवाणू आहेत, हे घराघरागणिक बदलते, त्यामुळे त्याला औषध म्हणता येत नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने प्रोबायोटिक कंपन्यांचे प्रतिकारशक्तीबाबतचे दावे पुराव्याअभावी एकामागोमाग फेटाळले. साखर घातलेल्या छोट्या बाटलीपेक्षा वाटीभर साधे दही स्वस्त आणि बरे. कर्करोगाचे उपचार सुरू असलेल्यांनी मात्र प्रोबायोटिक गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. आणि आजीच्या मुद्द्याबाबत : सर्दी विषाणूने होते, दह्याने नाही. घशाला त्रास वाटत असेल, तर दोन दिवस दिले नाही म्हणून काही बिघडत नाही.

ताटात नेमके काय हवे?

भक्षक पेशी असोत की प्रतिपिंडे, दोन्ही घडतात अन्नातूनच. प्रतिपिंडे तर मुळात प्रथिनेच. आपल्याकडे शाकाहारी ताटात भात-पोळीचा ढीग आणि पातळ वरण, हा खरा घोळ आहे. डाळ घट्ट हवी, सोबत उसळ, शेंगदाणे, दही, आणि खात असाल तर अंडे किंवा मासे. नाक, घसा, आतडे यांचे अस्तर टिकवायला अ जीवनसत्त्व लागते. ते शेवग्याचा पाला, गाजर, भोपळा, आंबा यांतून मिळते. क जीवनसत्त्वासाठी महागडी संत्री नकोत. पेरूत ते संत्र्यापेक्षा जास्त असते आणि आवळ्यात त्याहूनही. पालेभाजी-डाळीवर लिंबू पिळले, की त्यातले लोह अंगी लागते. जेवणाला लागून चहा घेतला, की तेच लोह वाया जाते.

हे सांगायला साधे वाटते, पण त्याचा परिणाम मोजला गेला आहे. झारखंडमधल्या चार जिल्ह्यांत क्षयरुग्णांच्या घरातल्या दहा हजारांहून अधिक माणसांचा अभ्यास झाला. त्यातल्या काही घरांत प्रत्येकाला महिन्याला पाच किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, या घरांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी झाले. फुप्फुसाच्या संसर्गजन्य क्षयाचे तर ४८ टक्क्यांनी. ल्युदमिलाला ज्या रोगाने नेले, तोच हा रोग. औषधे तर हवीतच, पण घरातल्या बाकीच्यांना वाचवले ते तांदूळ-तूरडाळीच्या शिधापिशवीने. निक्षय पोषण योजनेत क्षयरुग्णाला महिन्याला मिळणारी रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून ५०० वरून १००० रुपये झाली आहे. उपचार सुरू असेपर्यंत ती थेट बँक खात्यात जमा होते. ओळखीत कोणी क्षयरुग्ण असेल, तर आरोग्य केंद्रात नोंद झाली आहे का आणि पैसे येतात का, हे विचारून घ्यावे.