साखरपुड्यानंतरचा तिसरा दिवस

डोक्यावर मोठी गवती हॅट, एका हातात फूल आणि दुसरा हात गालाशी. टेबलावर रेलून बसलेली सास्किया समोर बघतेय, हलकंसं हसतेय. तारीख ८ जून १६३३. रेम्ब्रांटशी तिचा साखरपुडा होऊन तीनच दिवस झालेत.

तो लायडेनच्या गिरणीवाल्याचा मुलगा, वय २६. अ‍ॅमस्टरडॅममध्ये ज्या चित्रव्यापाऱ्याकडे तो काम करायचा, त्याचीच ही नातलग. वडील एकेकाळी लेउवार्डनचे महापौर. पण आई-वडील दोघंही ती लहान असतानाच गेलेले.

हे चित्र जेमतेम साडेअठरा सेंटिमीटर उंच. पेन्सिलीसारखंच दिसतं, पण काढलंय चांदीच्या टोकदार काडीनं, पांढरा लेप दिलेल्या चर्मपत्रावर. यातली गंमत म्हणजे ही रेघ खोडता येत नाही. चुकलात तर चुकलात! रेम्ब्रांटचा हात मात्र कुठे अडलेला दिसत नाही. खाली त्यानं तारीख आणि साखरपुड्याची नोंदही करून ठेवलीय.

पुढच्या वर्षी लग्न झालं. कामं धो धो येऊ लागली. १६३९ मध्ये त्यानं १३ हजार गिल्डरचं आलिशान घर घेतलं, तेही उधारीवर. पण घरात पाळणा हलायचा आणि थांबायचा. तीन मुलं तान्हेपणीच गेली. १६४१ मध्ये झालेला टायटस तेवढा वाचला. या वर्षांत रेम्ब्रांट सास्कियाला काढतच राहिला. आता हॅट आणि फूल नाही, तर अंथरुणात उशीला टेकलेली, थकलेली सास्किया. जून १६४२ मध्ये ती गेली, तिशीही न गाठता. त्याच वर्षी त्याचं जगप्रसिद्ध ‘नाइट वॉच’ पूर्ण झालं.

नंतर कर्ज वाढत गेलं. १६५६ मध्ये दिवाळं निघालं. घर गेलं, जमवलेल्या कलावस्तू लिलावात गेल्या. १६६२ मध्ये तर त्यानं सास्कियाच्या कबरीची जागाही विकली. १६६९ मध्ये तो गेला तेव्हा त्यालाही भाड्याच्या कबरीत पुरलं.

ते छोटं चित्र आज बर्लिनच्या संग्रहालयात आहे. चांदीची रेघ काळानुसार करड्याची तपकिरी होते, पण पुसली जात नाही. घर, पैसा, कबर, काहीच त्याच्याकडे टिकलं नाही. साखरपुड्यानंतरच्या तिसऱ्या दिवशीची सास्किया मात्र जवळजवळ चारशे वर्षं तशीच हसतेय.