जी. ए. कुलकर्णी : भुयारातील विश्व
जी. ए. कुलकर्णी (१९२३–१९८७) बेळगावात वाढले व धारवाडच्या महाविद्यालयात त्यांनी इंग्रजीचे अध्यापन केले. आप्तांचे मृत्यू त्यांनी लवकर पाहिले. सभासमारंभ कटाक्षाने टाळले. ‘काजळमाया’स मिळालेला साहित्य अकादमी पुरस्कार प्रकाशनवर्षाचा वाद उद्भवताच त्यांनी परत केला. त्यांच्या कथांतील गूढ स्थळे समजून घेण्यासाठी ‘पिंगळावेळ’मधील ‘स्वामी’ ही कथा तुम्ही अवश्य वाचा. मठाच्या भुयारात एक प्रवासी कोंडला जातो. त्याला स्वामीपद मिळते, स्वातंत्र्य मात्र जाते. तेथील वेल प्रकाशाकडे वाढत राहते. अशा स्थळी जी. ए. माणसाला नियतीसमोर उभे करतात, हे ध्यानात घ्या. वाचून झाल्यावर स्वतःस विचारा : वेल बाहेर पडली, तेव्हा नेमके कोण मुक्त झाले?