लग्नाच्या कागदावर ‘प्रोग्रामर’ लिहिलं म्हणून अडवलं, त्याच माणसाने कॉम्प्युटरला रांगेत उभं राहायला शिकवलं

समजा, आष्ट्याहून पुण्याला जाणाऱ्या गाडीत एकच सीट उरलीय. एकाने आष्ट्यातून आणि दुसऱ्याने सांगलीतून अगदी एकाच वेळी बुकिंगचं बटण दाबलं. सीट कुणाला मिळणार?

कुणातरी एकालाच. आपण हे गृहीतच धरतो. पण कॉम्प्युटरच्या पोटात हे आपोआप घडत नाही. दोन प्रोग्राम एकाच वेळी एकाच गोष्टीवर तुटून पडले, तर कुणीतरी त्यांना रांगेत उभं करावं लागतं. ही रांग कशी लावायची याचं गणित मांडणाऱ्यांमध्ये सगळ्यात मोठं नाव म्हणजे एड्सगर डाईक्स्ट्रा.

११ मे १९३० चा जन्म, गाव नेदरलँड्समधलं रॉटरडॅम. वडील रसायनशास्त्राचे शिक्षक, आई गणितज्ञ. पोरगं लायडन विद्यापीठात फिजिक्स शिकायला गेलं. १९५१ साली केंब्रिजला प्रोग्रामिंगचा छोटा कोर्स केला आणि गाडी रूळ बदलून गेली. १९५२ पासून ते अॅमस्टरडॅमच्या गणित संस्थेत प्रोग्रामर म्हणून काम करू लागले.

१९५७ साली त्यांचं लग्न झालं. कागदावर व्यवसाय लिहायचा होता, त्यांनी प्रोग्रामर लिहिलं. अधिकाऱ्यांनी ते मान्य केलं नाही, कारण असा काही व्यवसाय असतो हेच त्यांना पटेना. शेवटी तिथे सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ असं लिहावं लागलं.

पण खरी डोकेदुखी ऑफिसात होती. सहकारी एक्स१ नावाचं नवं मशीन बनवत होते. त्यात एक नवी सोय होती, इंटरप्ट. म्हणजे चालू काम मध्येच थांबवून मशीन दुसऱ्या कामाकडे वळणार. डाईक्स्ट्रांना याची धास्ती वाटली. कारण काम नेमकं कुठे तुटेल हे दर वेळी वेगळं. चूक झाली तर ती पुन्हा तशीच घडवून दाखवता येणार नाही. आणि जी चूक पुन्हा दिसत नाही, ती शोधायची कशी?

त्यांनी याच विषयावर काम करून १९५९ साली डॉक्टरेट मिळवली. धडा एकच होता. हजार वेळा चालवून बघण्यात अर्थ नाही, कुठल्याही क्रमाने घडलं तरी चुकणार नाही हे आधी कागदावर सिद्ध करा.

१९६२ साली ते आइंडहोव्हनला प्राध्यापक झाले. तिथे त्यांनी सेमाफोर आणला. नाव रेल्वेच्या हात वरखाली होणाऱ्या सिग्नलवरून. आत एक प्रोग्राम असेल तर बाकीच्यांनी बाहेर थांबायचं, आतला निघाला की पुढच्याला हिरवा कंदील. याच पायावर त्यांच्या छोट्या टीमने अख्खी ऑपरेटिंग सिस्टीम उभी केली. १९६८ च्या लेखात त्यांनी नोंदवलं की चाचणीत सापडल्या त्या चुका किरकोळ होत्या. आज आष्ट्यापासून ऑस्टिनपर्यंत कुठेही कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या पोरांना ऑपरेटिंग सिस्टीमच्या पेपरला सेमाफोर येतो, तो हाच.

१९६५ साली त्यांनी जेमतेम एका पानाचा पेपर छापला. कितीही मशीन असोत, एका वेळी एकच आत जाईल, तेही फक्त एकत्र मेमरी वाचून आणि लिहून. दोघांपुरतं उत्तर त्यांचे सहकारी डेकर यांनी आधीच काढलं होतं.

आता यातली गंमत बघा.

ऊसतोडणीचा हंगाम आहे आणि ओढ्यावर एकच ट्रॅक्टर मावेल एवढा अरुंद पूल आहे. नियम असा की आधी आपला झेंडा वर करायचा, मग समोरचा झेंडा बघायचा. तो खाली असेल तरच पुलावर जायचं. दोघंही नियम पाळत असतील तर धडक होऊच शकत नाही.

पण ड्रायव्हरने झेंडा लावायला पोऱ्याला पाठवलं आणि तो लावायच्या आतच समोर बघितलं तर? समोरच्यानेही तेच केलं तर? दोघांना झेंडा दिसला नाही आणि दोन्ही ट्रॅक्टर पुलावर!

आजचे प्रोसेसर नेमकं हेच करतात. लिहायचं काम बाजूच्या रांगेत टाकतात आणि वेळ वाचवायला पुढचं वाचून घेतात. त्यामुळे कागदावर अचूक असलेलं डेकरचं उत्तर आजच्या मशीनवर जसंच्या तसं उतरवलं तर फसू शकतं. उपाय म्हणजे मेमरी बॅरियर. झेंडा खरंच वर गेला याची खात्री होईपर्यंत पुढे बघायचं नाही, अशी ती सक्त सूचना.

मग डाईक्स्ट्रा चुकले का? नाही. त्यांनी पेपरच्या सुरुवातीलाच अट लिहून ठेवली होती की मेमरीतलं प्रत्येक वाचणं आणि लिहिणं अखंड असेल, एकापाठोपाठ एक होईल. मशीन बदललं, अट मोडली. पण अट लिहिलेली होती म्हणून नेमकं काय मोडलं ते कळलं.

पुढे हे नियम लिहून काढणं हेच मोठं शास्त्र झालं. मुंबई आयआयटीतून १९८७ साली पदवी घेतलेल्या सरिता अडवे यांनी १९९० पासून यावर पायाभूत काम केलं. जावा आणि सी प्लस प्लस या भाषांचे मेमरीचे नियम ठरवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. लिनक्सच्या कर्नलमध्येही फक्त मेमरी बॅरियर समजावणारी एक लांबलचक फाईल आहे. कारण बॅरियर का टाकला हे लिहिलं नाही, तर पुढचा माणूस तो फालतू समजून काढून टाकतो. मग वर्षभर सगळं नीट चालतं आणि एके दिवशी सर्व्हर बसतो.

लिहून ठेवण्याचा हा नाद डाईक्स्ट्रांनी आयुष्यभर जपला. फाउंटन पेनने लिहायचं, झेरॉक्स काढायच्या आणि ओळखीच्यांना पाठवायच्या. अशी १३०० हून जास्त टिपणं त्यांच्या नावावर आहेत. १९७२ साली ट्युरिंग पुरस्कार मिळाला. १९८४ मध्ये ते अमेरिकेत ऑस्टिनला शिकवायला गेले. आणि ६ ऑगस्ट २००२ रोजी नेदरलँड्समधल्या न्यूननमध्ये कॅन्सरने त्यांचं निधन झालं.

गुगल मॅपवरचा जवळचा रस्ता निघाला की त्यांच्या दुसऱ्या शोधाची आठवण काढली जाते. पण एका सीटचं तिकीट दोघांना विकलं जात नाही, तेव्हा त्यांचं नाव कुणी घेत नाही. जे काम नीट झालं, ते दिसतच नाही.